‘कुणीतरी’ आणि ‘मीच’

“मी अंथरूण धरलं तर घर कसं चालेल?” समुपदेशक म्हणून कर्करोगावर उपचार घेणाऱ्या स्त्रियांकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, आता त्यातल्या शब्दांपेक्षा तो विचारतानाच्या स्वराकडे माझे अधिक लक्ष जाते. स्वर काळजीचा असतो, पण त्यात एक हुकूमही दडलेला असतो आणि तो त्यांनी स्वतःलाच सोडलेला असतो. अशाच एका आईची ही हकिगत आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्यांना स्तनाचा कर्करोग होता. केमोथेरपी दर 21 दिवसांनी ठरलेली होती, परंतु दुसरी सायकल त्यांनी सासऱ्यांच्या वर्षश्राद्धासाठी आठवडाभर पुढे ढकलली होती आणि तिसरी गौरींच्या जेवणाच्या आसपास येत असल्यामुळे तीही ढकलण्याच्या विचारात त्या होत्या. माझ्याकडे मात्र त्या आल्या होत्या मुलासाठी. पंधरा वर्षांचा मुलगा घरात बोलेनासा झाला होता आणि दिवसभर कॉमिक्स वाचत बसे. “त्याला काही कळू नये म्हणून मी त्याच्यासमोर अगदी हसतखेळत असते, तरी तो असा का वागतो?” असे त्यांनी मला विचारले.

तिसऱ्या भेटीला मुलगा आईबरोबर आला, तोही एक कॉमिक हातात घेऊनच. विषय टाळण्यासाठी त्याने ही ढाल आणली आहे, असा माझा पहिला समज झाला आणि तो साफ चुकीचा होता. सहज विचारावे म्हणून मी गोष्ट विचारली, तेव्हा तो आईकडे न पाहता सांगू लागला.

थॉर हा मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनाचा नायक, मेघगर्जनेचा देव; त्याचा जादूचा हातोडा केवळ पात्र व्यक्तीलाच उचलता येतो. त्याच्या मालिकेत जेन फॉस्टर हे 1962 पासूनचे दुय्यम पात्र आहे. आरंभी ती परिचारिका होती, पुढे डॉक्टर झाली. 2013 च्या कथानकात तिला स्तनाचा कर्करोग झालेला दिसतो आणि देवलोकातले जादूचे उपचार नाकारून ती केमोथेरपी पत्करते. पुढच्या वर्षी थॉर स्वतःचा हातोडा उचलण्यास अपात्र ठरतो, तेव्हा एक अनोळखी स्त्री तो उचलते आणि थॉर होते. ती जेनच आहे, हे वाचकांना 2015 मध्ये कळते. हातोडा हाती असेपर्यंत ती बलाढ्य असते, पण त्या रूपांतरात शरीरातले सगळे विष धुऊन निघते आणि केमोचे औषधही त्या जादूच्या लेखी विषच ठरते. औषध जाते आणि गाठ तशीच राहते. हातोडा खाली ठेवला की ती आधीपेक्षा खंगलेली असते.

“म्हणजे जाणूनबुजून औषध वाया घालवते ती?” आईने विचारले.

“हो. आणि सगळे तिला शूर म्हणतात,” मुलगा म्हणाला. “तुला पण सगळे शूरच म्हणतात.”

त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि त्या शांततेत मीही बोलले नाही, याचे मला आजही समाधान वाटते, कारण समुपदेशकाला अशा वेळी फार शहाणे काहीतरी बोलण्याचा मोह होतो. आई डोळे पुसून म्हणाल्या, “पण तिच्याशिवाय दुसरं कोण उचलणार होतं?”

हाच तो क्षण होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी अनेक वर्षांची श्रद्धा आहे; माणसाला परिस्थितीपेक्षा त्याचे स्वतःवरचे हट्ट अधिक छळतात, असे ती सांगते आणि मराठीत हे हट्ट ‘च’ या एका अक्षरात सापडतात. थॉर कुणीतरी असायलाच हवा, असे जेनचे म्हणणे असते. “गौरींचा स्वयंपाक कुणीतरी करायला हवा, हे मलाही मान्य आहे,” मी म्हणाले. “पण ‘कुणीतरी’चं ‘मीच’ कधी झालं, ताई?”

त्या म्हणाल्या, “लग्न झालं तेव्हाच.” आणि मुलाकडे पाहून पहिल्यांदाच मोकळेपणाने रडल्या. मुलगा उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. त्याला आईच्या आजारापेक्षा तिच्या हसण्याची भीती वाटत होती, कारण ते खोटे आहे, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

ज्या घरांत हाच पेच आहे, त्यांना माझे सांगणे असे की, उपचारांची तारीख हा सण-समारंभांशी तडजोड करण्याचा विषय नव्हे. ती पुढे न्यायची की नाही, हे रक्ताचे अहवाल पाहून डॉक्टर ठरवतील. आपण आपल्या मनाने ठरवू नये. मुलांपासून आजार लपत नाही, फक्त त्याविषयी बोलायची सोय नाहीशी होते. म्हणून आजाराचे नाव घेऊन, वयाला झेपेल इतकेच पण खरे सांगावे. केस जातील, थकवा येईल, त्या दिवसांत डबा कोण देईल, हेही सांगावे. हा आजार संसर्गजन्य नाही आणि मुलाच्या कोणत्याही वागण्यामुळे झालेला नाही, हे लहान मुलांना मुद्दाम सांगावे लागते. ‘मला काही होणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये. ‘डॉक्टर प्रयत्न करत आहेत आणि जे कळेल ते तुला सांगेन’ हे वचन पाळता येते. किशोरवयीन मुलाला एखादे खरे काम सोपवावे, उगाच गुंतवण्यापुरते नव्हे. या मुलाने औषधांच्या वेळा आणि ताप यांची वही ठेवली, केमोनंतर 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर ताबडतोब रुग्णालयाला कळवायचे, हे त्याने पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते.

जेनच्या त्यागाचे मला पूर्ण कौतुक वाटत नाही, हेही सांगून टाकते. 2018 मध्ये, आता रूपांतर झाले तर जीव जाईल, हे माहीत असूनही ती हातोडा उचलते, मरते आणि तिला परत आणले जाते. ती सोय कॉमिकच्या पानांपुरतीच आहे. मला मोलाचे वाटते ते त्यानंतरचे, कारण परतल्यावर ती हातोड्याविना उरलेले उपचार घेऊ लागते.

तिसरी सायकल ठरल्या तारखेला झाली. गौरींचा नैवेद्य जावेने केला, पुरणपोळ्या बाहेरून आल्या. पुढच्या भेटीत आईंनी मला बजावून सांगितले की, कटाची आमटी अगदीच पाणचट झाली होती, आणि मुलगा म्हणाला, “तरी हिनं दोन वाट्या प्यायली.”