वाचकांचे प्रश्न : नऊ घरांच्या चौकोनांची गोधडी

प्रश्न : साडेतीन इंचांचे नऊ तुकडे जोडून एक चौकोन करते. तुकडे मोजूनच कापते, तरी कुठला चौकोन साडेनऊ इंच भरतो, कुठला सव्वानऊ. पुढे कोपरे जुळतच नाहीत. (गिरगाव)

उत्तर : तुमचे कापणे बरोबर आहे, फरक मायेत, म्हणजे शिवणीबाहेर कडेला सोडलेल्या कापडात, पडतो आहे. या चौकोनाला दोन सुतांची, म्हणजे पाव इंचाची माया धरतात आणि चौकोन साडेनऊ इंचच भरायला हवा. माया अर्धा सूत जास्त गेली की दोन्ही बाजू मिळून प्रत्येक शिवणीत एक सूत कापड आत जाते. चौकोनात अशा दोन शिवणी, म्हणून तो सव्वानऊ होतो. सहा चौकोन शेजारी लावल्यावर आडव्या सतरा शिवणी होतात आणि गोधडी दोन इंचांहून जास्त आखडते.

मशीनच्या पायाच्या (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या भागाच्या) कडेला धरून शिवत असाल तर ते थांबवा, कारण नेहमीचा पाय बहुधा पाव इंचापेक्षा रुंद असतो. सुई खाली घ्या, तिच्यापासून दोन सूत मोजा आणि तिथे चिकटपट्टीचे चार-पाच थर लावा, म्हणजे कापडाची कड त्याला टेकून सरकेल. मग दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडून इस्त्री करा. मधली पट्टी नेमकी एक इंच भरली तरच पुढे जा. कमी भरली तर चिकटपट्टी केसभर सुईकडे सरकवा. इस्त्रीच्या घडीतही एखादा धागा जातोच.

इस्त्री ओढू नका, ठेवा आणि उचला. ओढल्याने तुकडे तिरपे होतात. शिवण उघडून दाबण्यापेक्षा गडद कापडाकडे वळवा. एका रांगेत गडद-फिका-गडद आणि दुसरीत फिका-गडद-फिका असल्याने वळवलेल्या शिवणी आपोआप उलट दिशांना जातात. रांगा एकमेकींवर ठेवून बोट फिरवा: दोन उंचवटे एकमेकांना भिडले की शिवणीवर खड्डा किंवा टेंगूळ लागत नाही. टाचणी तिथेच लावायची.

झालेले मोठे चौकोन छाटून लहानांएवढे करू नका, कडेची घरे बारीक होतील. लहान चौकोनच उसवा. कंटाळवाणे आहे, पण दुसरा चांगला उपाय नाही.

प्रश्न : सिंगल पलंगासाठी किती कापड घ्यावे? (मुलुंड)

उत्तर : सहा बाय नऊ असे 54 चौकोन आणि भोवती तीन इंचांची किनार धरली तर गोधडी 60 बाय 87 इंचांची होते. 27 चौकोनांत प्रत्येकी पाच घरे गडद ठेवा, उरलेल्या 27 मध्ये प्रत्येकी पाच फिकी, आणि ते एकाआड एक लावा. 44 इंच पन्ह्याचे गडद सव्वादोन मीटर, फिके सव्वादोन, किनारीला पाऊण आणि गोटाला, म्हणजे कड बंद करणाऱ्या पट्टीला, अर्धा मीटर लागते. अस्तर चारी बाजूंनी चार इंच जास्त हवे, म्हणून सव्वापाच मीटर. यात धुण्यातली आट धरली आहे.

मंगळदास मार्केटमध्ये किंवा दादरला हिंदमाताकडे घेताना सगळे कापड एकाच जाडीचे सुती पाहा. पॉपलीनशेजारी झिरझिरीत मलमल लावली की आधी मलमलच फाटते.

प्रश्न : दहा बाय दहाच्या खोलीत थर अंथरायला जागा नाही. शिवून झाल्यावर मध्येच फुगाही राहतो. (लालबाग)

उत्तर : कडेपासून आत शिवत आलात म्हणून फुगा राहिला. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंडी, म्हणजे त्यांची गोधडी, कोपऱ्यापासून सुरू होऊन आत वळत जाते, पण त्या तुकडे एकेक करून अस्तरावरच बसवतात. त्यामुळे सैल पडलेले कापड तिथल्या तिथे मुडपता येते. तुमचा वरचा थर आधीच जोडलेला असल्याने ढिलाई मध्यावर कोंडते. मधून बाहेरच्या बाजूला जा.

जागेसाठी गोधडी दोन-दोन चौकोनांच्या तीन उभ्या पट्ट्यांत करा. एक पट्टी जेवणाच्या टेबलावर मावते. अस्तर ताणून चिकटपट्टीने बसवा, वर आतला थर, त्यावर चौकोन. चार-चार इंचांवर कच्चे टाके घाला आणि मग पक्का धावदोरा. पट्टीच्या कडेला दोन इंच धावदोऱ्याशिवाय सोडा, म्हणजे पट्ट्या नंतर जोडता येतील: आधी वरचे थर मशीनवर, मग उलटून अस्तराची कड दुमडून हाताने.

आत जाड कापूस नको. मुंबईच्या उकाड्यात जुन्या मऊ सुती साडीचा दुहेरी थर पुरतो. सुटा पिंजलेला कापूस धुतल्यावर गोळा होतो आणि पावसाळ्यात लवकर वाळत नाही.

प्रश्न : लाल कापडाचा रंग पांढऱ्यावर उतरला. मिठाच्या पाण्याने जाईल का? (दहिसर)

उत्तर : नाही. मीठ रंगवताना उपयोगी पडते, उतरणारा रंग ते पक्का करत नाही. गोधडी वाळू देऊ नका, इस्त्री तर अजिबात नको. मोठ्या टबात भरपूर गरम पाणी आणि साबण चुरा घालून ती रात्रभर पूर्ण बुडवून ठेवा. पाणी रंगीत झाले की बदला. पाणी कमी असेल तर सुटलेला रंग पुन्हा पांढऱ्यावरच बसतो. पुढच्या वेळी कापण्याआधी ओल्या लाल तुकड्यावर पांढरा सुती रुमाल ठेवून इस्त्री दाबा. तीन धुण्यांनंतरही रुमालावर डाग येत असेल, तर ते कापड या गोधडीत घेऊ नका.