रिकाम्या व्हॅनचा मागचा भाग का फिरतो?

प्रश्न : माझी जुनी व्हॅन आहे. चादरींचे गठ्ठे वाहायचे म्हणून मागच्या चाकांवरच्या कमानीत एक जादा लोखंडी पाटा टाकून घेतलाय. मागच्या ब्रेकच्या लाइनवरचा, दांडी असलेला व्हॉल्व्ह गळत होता. मेकॅनिकने तो काढून सरळ पाइप जोडला. परवा पावसात तुळजापूरला माल टाकून रिकामा परतताना ब्रेक मारला, तर मागचा भाग आडवा फिरला. हा व्हॉल्व्ह खरंच लागतो का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : लागतो, दादा. आणि नवा बसेपर्यंत व्हॅन रस्त्यावर काढू नका, हे आधी सांगतो.

ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते. वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची हलकी होतात आणि त्यांची रस्त्यावरची पकड कमी होते. त्यांनाही पुढच्याइतकाच दाब मिळाला, तर ती आधी जाम होतात. पुढची जाम झाली तर स्टेअरिंग ऐकत नाही, पण गाडी सरळ जाते. मागची आधी जाम झाली की गाडी गरकन फिरते. ओला रस्ता, त्यात रिकामी व्हॅन. तुमचं तेच झालं.

व्हॉल्व्ह दिसायला मुठीएवढा ठोकळा. आत एक पिस्टन, त्याचं मागच्या ब्रेककडचं तोंड मोठं, मास्टर सिलिंडरकडचं (पेडल दाबलं की दाब तयार करणाऱ्या नळकांड्याकडचं) लहान, आणि वाट उघडी धरणारी स्प्रिंग. हलका ब्रेक दाबला तर पुढे-मागे दाब सारखाच. ठराविक दाबानंतर मोठ्या तोंडावरचा जोर स्प्रिंगला भारी पडतो आणि पिस्टन सरकून वाट बंद करतो. पाय आणखी दाबला की वाट किंचित उघडते, थोडा दाब मागे जातो, पुन्हा बंद. समजा हे 30 बारला (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) सुरू झालं, तर पुढे 60 बार होईपर्यंत मागे 40च पोहोचतील. आकडे समजण्यापुरते, प्रत्येक गाडीचे वेगळे.

तुमच्या व्हॉल्व्हची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की बॉडी खाली बसते, दांडी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर जोर देते आणि मागे जास्त दाब जाऊ लागतो. म्हणजे ही दांडी गाडीतलं वजन ओळखते. आता तुमचा जादा पाटा बघा. त्याने बॉडी उचलली गेली. गठ्ठे छतापर्यंत रचले तरी दांडीला गाडी अर्धी रिकामीच वाटणार. मागचा ब्रेक कमी लागणार, पुढचे पॅड लवकर झिजणार, आणि भरलेली व्हॅन घाटात लांब जाऊन थांबणार. नुसता नवा व्हॉल्व्ह टाकून हे सुटत नाही. माझं ऐकाल तर तो पाटा काढा आणि गठ्ठे कमी भरा.

तरुणपणी मीही एका गिऱ्हाईकाच्या जीपला असाच सरळ पाइप जोडला होता. चाचणीला अक्कलकोट रोडवर गेलो आणि जीप रस्त्याकडेच्या बाभळीकडे तोंड करून उभी राहिली. शेजारी माझा धाकटा भाऊ बसला होता. त्याचे डॅशबोर्ड घट्ट धरलेले हात अजून डोळ्यांपुढे आहेत. त्यानंतर कुणी कितीही घाई केली तरी व्हॉल्व्ह काढून गाडी दिली नाही.

नव्या गाड्यांत हे काम एबीएससोबतचं (म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसोबतचं) इलेक्ट्रॉनिक्स करतं. 2019च्या एप्रिलपासून आपल्याकडे नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. तुमच्या व्हॅनला मात्र व्हॉल्व्हच. बसवताना कंपनीच्या पुस्तकात असेल तेवढा भार ठेवून, पुढे-मागे प्रेशर गेज लावून दांडी सेट करायला सांगा. चारही चाकांच्या ब्रेक लाइनमध्ये शिरलेली हवा काढून घ्या. दांडीचा सांधा चिखलाने जाम होतो. पावसाळा संपला की खाली वाकून तो हाताने हलवून बघा.