दोनच सुळे उरलेत, तेही काढायचे का?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या आहेत, आम्ही कराडजवळ गावात राहतो. वरचे सगळे दात गेलेत, वर कवळी आहे. खाली आता फक्त दोन सुळे उरलेत, तेही झिजलेले. घरात सगळे म्हणतात दोन दातांसाठी कशाला अडून बसायचं, काढा आणि पूर्ण कवळी करून टाका. पण इथले डॉक्टर म्हणाले की सुळे कापून मुळं तशीच ठेवू आणि त्यावरून कवळी बसवू. मुळावर कवळी कशी बसेल, टोचणार नाही का? त्यांना शुगर आहे आणि मिश्री लावायची सवयही आहे.

उत्तर : ताई, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय, आधी त्यांचं ऐका. दात काढायला पाच मिनिटं लागतात पण काढलेला परत मिळत नाही, म्हणून ते सुळे वाचतायत का हे आधी बघायचं.

वरची कवळी टाळूवर पसरते, जागा भरपूर असते, मधे थुंकीचा पातळ थर असतो त्यामुळे ती चिकटून राहते. खाली तसं नाही, घोड्याच्या नालेसारखी अरुंद पट्टी आणि मधे जीभ, सासूबाई बोलायला लागल्या की जीभ उचलणार आणि कवळीही उचलणार, भाकरीचा तुकडा एका बाजूने चावला की दुसरी बाजू वर येणार. त्यात दात काढला की जबड्याचं हाड झिजायला लागतं, आणि खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं. 1978 साली एक अभ्यास छापून आला होता, काही पेशंटचे खालचे सुळे ठेवून त्यांच्यावरून खालची कवळी केली आणि काहींचे सगळे दात काढून साधी कवळी केली, 5 वर्षांनी मोजलं तर सुळे ठेवलेल्यांचं पुढचं हाड सरासरी 0.6 मिलिमीटर कमी झालेलं आणि काढलेल्यांचं 5.2 मिलिमीटर. पाच मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाच्या निम्म्याएवढं, ऐकायला थोडं वाटतं पण कवळी ज्या उंचवट्यावर बसते तो उंचवटाच त्यात जातो हो!

आता टोचण्याचं. सुळ्याचं रूट कॅनल करतात, मग तो हिरडीच्या वर एक-दोन मिलिमीटर ठेवून कापतात आणि घासून गोल, गुळगुळीत करतात. हरभऱ्याच्या डाळीचा दाणा हिरडीत बसवल्यासारखा दिसतो, बोट फिरवलं तर कुठे टोक लागत नाही. कवळीला आतून तेवढीच खोलगट जागा केलेली असते, ती बरोबर त्यावर बसते. जास्त घट्ट हवी असेल तर मुळाला छोटं बटणही लावता येतं. अजून एक फायदा आहे जो कुणी सांगत नाही. भातात खडा आला की आपला जबडा आपोआप थांबतो ना, ते दाताच्या मुळाभोवतीच्या तंतूंमुळे कळतं, मूळ राहिलं की ती जाणीवही बरीचशी राहते, चावताना किती जोर लावायचा ते सासूबाईंना कळेल.

पण मुळं किडतात, हे पक्कं लक्षात ठेवा. कवळीखाली अन्न अडकतं आणि कापलेल्या दाताला वरचं टणक आवरण नसतं, त्यामुळे रोज मऊ ब्रशने ते दोन दाणे घासायचे, डॉक्टर फ्लोराइडचं जेल देतील ते लावायचं, रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची. कवळी साध्या साबणाने धुवा, टूथपेस्टने तिच्यावर चरे पडतात, आणि गरम पाणी नको, वाकडी होते. शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट घेऊनच जा, शुगर वर असेल तर हिरड्या मुळाला सोडतात. मिश्री मात्र थांबवाच. मी खूप बायकांच्या तोंडात बघितलंय, जिथे बोट फिरतं तिथली हिरडी खाली गेलेली असते, आणि ती जाळलेली तंबाखूच आहे, कॅन्सरचा धोका आहेच. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसतोय का तेही डॉक्टरांना बघायला सांगा. सुळे फार हलत असतील तर मात्र ठेवून उपयोग नाही, ते एक्स-रेवरून ठरेल. आणि पुढे एखादं मूळ गेलंच तरी बहुतेक वेळा तीच कवळी आतून भरून वापरता येते, पैसे वाया जात नाहीत.

प्रश्न : वय 72, ठाणे. खालचे सगळे दात काढून 9 वर्षं झाली. ही तिसरी कवळी, पेस्ट लावूनही हलते, लोकांसमोर जेवायचं मी बंद केलंय. एका ठिकाणी सहा इम्प्लांट घालून फिक्स दात सांगितले, तेवढा खर्च झेपणार नाही. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : आहे काका, आणि लोकांत जेवणं बंद करण्याएवढं हे अवघड नाही. खालच्या जबड्याला पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट आणि त्यावर काढता येणारी कवळी एवढं बहुतेकांना पुरतं. 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले होते, त्यांनी खालचे सगळे दात गेलेल्यांना पहिला पर्याय हाच द्यावा असं म्हटलं होतं. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, हाड त्याला धरून ठेवतं, स्वीडनमध्ये 1965 पासून माणसांना बसवतायत. हाड धरायला साधारण तीन महिने द्यायचे, मग कवळी त्यावर दाबली की टक् आवाज येऊन बसते, काढायला दोन्ही हातांनी उचलावी लागते. आतल्या नायलॉनच्या टोप्या झिजतात, त्या मधून मधून बदलाव्या लागतात, तो खर्च आधीच विचारून ठेवा. वर करायचं झालं तर दोन पुरत नाहीत, सहसा चार तरी लागतात.

खर्चासाठी मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज किंवा नायर डेंटल कॉलेजमध्ये कवळीच्या विभागात चौकशी करा, वेळ जास्त लागतो पण विद्यार्थ्यांवर सिनियर डॉक्टरांचं लक्ष असतं. हातातली कवळी टाकू नका, फिट चांगलं असेल तर तिलाच आतून जोड बसवता येतात. आणि हाडं ठिसूळ होतात म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल, किंवा पूर्वी घेतलं असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा, अशा औषधांनंतर जबड्याची जखम कधीकधी भरत नाही. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. सगळ्या औषधांची नावं कागदावर लिहून न्या.