दीड लाखाच्या गाडीत साठ हजारांचा पंप घालावा का?

चिंचवडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांची 1.8 लिटर टर्बो पेट्रोल सेडान नोव्हेंबर 2013 मध्ये नोंदवलेली, 1 लाख 12 हजार किलोमीटर चाललेली. दोन महिन्यांपासून सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो, घाटात गाडीचा दम सुटतो आणि इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजने स्कॅनर लावून फ्युएल पंप, म्हणजे इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप, गेल्याचं सांगितलं. इंजिनवरचा हाय प्रेशर पंप 46 हजार, टाकीतला पंप 14 हजार, मजुरी 7 हजार, वर कर. एकूण कोटेशन 85,060 रुपयांचं. आहे त्या स्थितीत गाडीला डीलर 1 लाख 40 हजार देतोय. मेहुणे म्हणतात, पांढरा हत्ती पोसू नका, साडेबारा लाखांची नवी घ्या. त्यासाठी 9 लाखांचं कर्ज, 9 टक्के, सात वर्षं. शिल्लक म्हणाल तर 2 लाख 40 हजारांची एफडी. घरखर्च महिना 70 हजार, शिवाय मुलीच्या शिक्षणासाठी 15 हजारांची एसआयपी.

तुम्ही लिहिलंय, "गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त बिल, म्हणजे घाट्याचाच सौदा ना?" हे गणित बहुतेक जण असंच मांडतात, पण इथे ते चुकतं. डीलर गाडीला काय देतो याचा, तिने तुम्हाला पुढे किती महिने नेलं-आणलं याच्याशी संबंध नाही. पंपाची तुलना गाडीच्या किमतीशी करू नका. पंप घातला नाही तर दुसरा जो खर्च येईल, त्याच्याशी करा.

आधी मुदत ठरवू. तुमच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे नोव्हेंबर 2028 पर्यंत. पुढे फिटनेस, नूतनीकरणाची 5 हजार फी आणि आपल्या राज्याचा पर्यावरण कर. त्यापलीकडचा हिशेब मी धरत नाही. शिवाय पेट्रोल पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि 2013 ची गाडी काही त्यासाठी घडवलेली नाही. अडीच वर्षं, म्हणजे तीस महिने, धरून चालू.

नव्या गाडीचा हप्ता बसतो महिना 14,480. पण हप्ता म्हणजे खर्च नव्हे. खरा खर्च घसारा आणि व्याज. तीस महिन्यांत तुम्ही 4 लाख 34 हजार भराल. त्यातले पावणेदोन लाख व्याजाचे, आणि 6 लाख 40 हजारांच्या आसपास मुद्दल तेव्हाही डोक्यावर असेल. साडेबारा लाखांची गाडी तोवर साडेसात लाखांना विकली जाईल, असा मी उदारपणे अंदाज धरतो. (विम्याच्या तक्त्यात तर वर्ष ओलांडलं की 20 टक्के आणि दोन वर्षं ओलांडली की 30 टक्के घसारा धरतात. त्यात आरटीओचा कर आणि विम्याचा हप्ता मोजलेलाच नसतो, ते पैसे तर पहिल्याच दिवशी गेले.) पाच लाख घसारा, पावणेदोन लाख व्याज. भागिले तीस, महिना साडेबावीस हजार. नवी गाडी ॲव्हरेज जास्त देईल, हे खरं. तुमच्या 800 किलोमीटरला, लिटरमागे 10 ऐवजी 15 धरले, तर महिना पावणेतीन हजार वाचतील. तरी पावणेवीस हजार उरतातच.

आता जुनी. नुसता हाय प्रेशर पंप (दोन्ही का धरले नाहीत, ते पुढे सांगतो), 4 हजार मजुरी आणि 18 टक्के कर धरून 59 हजार, म्हणजे महिना दोन हजारांहून थोडं कमी. तुमच्या गेल्या तीन वर्षांच्या बिलांवरून सर्व्हिस वगैरे वर्षाला 35 हजार, म्हणजे महिना 2,900. आणखी काही निघेल म्हणून महिना दोन हजार बाजूला. आज 1 लाख 40 हजारांना जाणारी गाडी तेव्हा 40 हजारांना गेली, तर त्याचे महिना 3,300. एकूण दहा हजारांच्या घरात. म्हणजे हत्ती पांढरा असला तरी खातो निम्मंच.

आणि मेहुण्यांच्या योजनेत कर्ज व जुन्या गाडीचे पैसे जमेस धरूनही 2 लाख 10 हजार एफडीतून जातात. मागे उरतात 30 हजार. घरखर्चाला पंधरा दिवसही पुरायचे नाहीत. मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

म्हणून दुरुस्ती करा, पण हे कोटेशन जसंच्या तसं मान्य करून नव्हे. पहिली गोष्ट कराची. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर 18 टक्के जीएसटी आहे, आणि तुमच्या कागदावर भागांना अजून 28 टक्के लावलेत. जुना साचा वापरला असेल. तेवढं सुधारलं तरी आकडा 79,060 वर येतो, सहा हजार वाचले.

दुसरी गोष्ट, दोन्ही पंप एकदम का? या इंजिनांत टाकीतला पंप पाच-सहा बारच्या (बार हे दाबाचं माप) दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. इंजिनवरचा हाय प्रेशर पंप कॅमशाफ्टच्या उंचवट्यावर चालतो आणि तेच पेट्रोल शंभर बारच्या वर नेऊन इंजेक्टरांना, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळ्यांना देतो. तुमच्या स्कॅन रिपोर्टवर पी 0087 हा कोड आहे, म्हणजे रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल पोचवणाऱ्या नळीत) दाब कमी. पण का कमी, हे तो कोड सांगत नाही. फिल्टर तुंबला, टाकीतला पंप थकला, त्याचा रिले (विजेचा स्विच) किंवा वायरिंग गेलं, तरीही हाच कोड येतो. कोड पाहून पंप बदलणारा मेकॅनिक तुमच्या पैशाने अंदाज करत असतो. दोनेक हजार वेगळे मोजून गेज लावून टाकीकडचा दाब तपासायला सांगा, गाडी नुसती चालू उभी असताना आणि रेस दिल्यावरही. इंजिन ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर हाय प्रेशर पंपाचं सील गेल्याचा संशय पक्का होतो आणि पंपासोबत ऑइलही बदलावं लागेल. पंप उतरवलाच आहे, तर कॅम आणि पंप यांच्यामधला टॅपेट, म्हणजे कॅमचा रेटा पंपाला देणारा छोटा भाग, बघून घ्यायला सांगा. तो झिजला असेल, तर नवा पंपही नीट दाब देणार नाही.

पुण्याच्या नाना पेठेतून 15 हजारांचा जुना पंप आणायचा तुमचा विचार मला पटत नाही. बंपर, दिवे, आरसे खुशाल तिथून घ्या. डोळ्यांनी पारखता येतात. पंपाचं आतलं सील कसं आहे, हे पाहून कळत नाही, आणि दोन महिन्यांनी तो गेला तर मजुरी पुन्हा. स्वस्तातच हवा असेल, तर पंप मूळ कुणी बनवला ते विचारा. असे पंप बहुधा बॉश, हिताची यांच्यासारख्या कंपन्यांचे असतात आणि त्यांच्याच खोक्यात घेतले की स्वस्त पडतात. जीएसटी बिल आणि वॉरंटी लेखी घ्या. जुना पंप परत मागा.

विम्याची आशा सोडा. झीज कुठल्याच पॉलिसीत बसत नाही. गॅरेज कार्डावर 'नो कॉस्ट' हप्ते देतंय, पण प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी तिथेही लागतो. एखादा हप्ता चुकला, तर कार्डाचं व्याज वर्षाला 40 टक्क्यांच्या आसपास जातं. एफडीतूनच 60 हजार मोडा. मुदतीआधी मोडल्याने व्याजात टक्काभर घट येईल, एवढ्या रकमेवर ती किरकोळ आहे. मग महिना दहा हजार घालून सहा महिन्यांत खड्डा भरा. एसआयपीला हात लावू नका.

माझा सल्ला एका अटीवर आहे. तपासणीत टर्बोच्या दांड्यात ढिलेपणा, टायमिंग चेनचा आवाज किंवा गिअरबॉक्सचं दुखणं निघालं आणि येत्या वर्षभराचा दुरुस्तीचा आकडा 1 लाख 10 हजारांच्या पुढे जाऊ लागला, तर पंपही घालू नका. डीलरचे 1 लाख 40 हजार घ्या आणि मेहुण्यांना दाखवायला साडेबारा लाखांची नाही, चार-पाच लाखांची साधी, टर्बो नसलेली जुनी गाडी शोधा. डिझेल असतं, तर ही मर्यादा मी आणखी खाली आणली असती. काही डिझेल पंप आतून झिजले की धातूचा कीस इंजेक्टरांपर्यंत जातो आणि बिल एकट्या पंपाचं राहत नाही.

गेजवरचा आकडा कोटेशनच्या कागदावरच लिहून घ्या. टाकीकडचा दाब ठीक निघाला, तर 14 हजारांची ती ओळ तुमच्यासमोरच खोडायला सांगा.