शिकताना मेंदूत नेमकं काय बदलतं?
मुख्यतः चेतापेशींमधले जोड, म्हणजे सिनॅप्स. १९७३ साली ब्लिस आणि लोमो या शास्त्रज्ञांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसकडे (मेंदूतला आठवणींशी निगडित भाग) जाणाऱ्या तंतूंना विजेचे भराभर झटके दिले, तर पुढे कित्येक तास तिथला प्रतिसाद वाढलेलाच राहिला. होतं असं: जोडाच्या अलीकडची आणि पलीकडची पेशी एकाच वेळी सक्रिय झाली की पलीकडच्या पेशीवरच्या एनएमडीए रिसेप्टरमध्ये (रासायनिक संदेश पकडणारं एक प्रथिन) अडकलेलं मॅग्नेशियमचं बूच निघतं, कॅल्शियम आत शिरतं आणि त्या जोडावर एएमपीए नावाचे दुसरे रिसेप्टर वाढतात. मग तेवढ्याच संदेशाला पेशी जास्त जोरात प्रतिसाद देते. हे दीर्घकाळ टिकायला मात्र नवी प्रथिनं लागतात. सिनॅप्स म्हणजेच आठवण, असं सरसकट म्हणणं मला घाईचं वाटतं. आणि हो, काही जोड कमकुवत होणं हाही शिकण्याचाच भाग!