कुत्रा पाण्यात उतरायलाच घाबरतो. सांगलीत त्याला पोहायला कुठं आणि कसं शिकवू?

आधी जागेचं बोलू. कृष्णेत नको. भिलवडी, औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको, आणि काठाशी फडफडणारं कुत्रं म्हणजे त्यांना आयतंच आमंत्रण. प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं शेततळंही नको. कागद निसरडा, उतार खडा. आत गेलेल्या कुत्र्याला पंजा रोवून वर येता येत नाही. हळूहळू खोल होणारी, तुम्हाला कमरेपर्यंत पाणी लागेल अशी जागा शोधा.

पाठीवर पकडायला मूठ असलेलं लाइफ जॅकेट घ्या आणि आधी घरातच घालून त्याची सवय करा. मग तुम्ही पाण्यात उतरा आणि खाऊ दाखवून हाक मारा. मागे फिरला तर फिरू द्या. उचलून पाण्यात टाकणं हा आपल्याकडचा लाडका उपाय. त्यानं कुत्रं हातपाय मारतं खरं, पण पुढं पाणी दिसलं की धूम ठोकतं.

तळ सुटला की नवखं कुत्रं पुढच्या पायांनी पाणी बडवतं आणि मागचा भाग बुडायला लागतो. तेव्हा पोटाखाली हात घालून कंबर वर धरा. पाठ आडवी झाली की मागचे पायही चालू होतात. सुरुवातीला पाच मिनिटं पुरे, आणि बाहेर यायची वाट त्याला पुन्हा पुन्हा दाखवा.

कुत्रा कारवानी, म्हणजे सडपातळ शिकारी जातीचा असेल तर अंगावर फारशी चरबी नसते, लवकर गारठतो. चपट्या तोंडाचा पग असेल तर जॅकेटशिवाय उतरवूच नका. नंतर कान कोरडे पुसा.