पहिल्यांदाच गाडीचा विमा रिन्यू करताय? एवढं बघा

नव्या गाडीबद्दल अभिनंदन! आधी एक लक्षात घ्या: थर्ड पार्टीचा (तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) हप्ता सरकार ठरवतं, तिथे घासाघीस नाही. सूट मिळते ती ओन डॅमेजच्या, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या भागावर.

त्यात सगळ्यात मोठी म्हणजे नो क्लेम बोनस. क्लेम नसेल तर पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. म्हणून बंपरच्या किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम करू नका. खिशातून भरलेलं बहुधा स्वस्त पडतं. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. पुढे गाडी विकलीत तरी तो नव्या गाडीला लावता येतो.

नवखे लोक हमखास चुकतात ते इथे:

- मुदत संपून ९० दिवस उलटले की बोनस शून्य.
- हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी कमाल रक्कम) पाडून घेणं. गाडी चोरीला गेली की कळतं!
- शोरूमचा पहिलाच कोट मुकाट्याने घेणं. दोन-तीन ठिकाणी विचारा.

व्हॉलंटरी डिडक्टिबल (क्लेममधला ठरावीक वाटा स्वतः भरायचं कबूल करून हप्ता कमी करणं) वगैरे पुढच्या वर्षी बघू.